आपणहून टेकलेली पाठ

बंकटने आपणहून पाठ टेकली. त्याला कोणी पाडले नव्हते, त्याचा पाय घसरला नव्हता, समोरचा सिदू अजून त्याच्या अंगाला भिडलादेखील नव्हता. दिवाळी होऊन गेल्यानंतरच्या कोवळ्या उन्हात, आपल्या वडिलांनी बांधलेल्या तालमीच्या लाल मातीत, दमलेला माणूस अंथरुणावर पडावा तसा तो सावकाश मागे झुकला, दोन्ही खांदे मातीला लावले आणि हात पुढे करून सिदूला म्हणाला, "हं, आता ये." मी दाराबाहेर ओट्यावर उभी होते. बायकांनी आखाड्यात पाऊल टाकायचे नाही, हा नियम मी कधी मोडला नाही. पण त्या मातीत मुरवायचे ताक आणि हळद आजवर माझ्याच देखरेखीखाली घरातून गेली आहे, आणि ती नेऊन देताना दारातून आत पाहण्याचा माझा हक्क कोणी नाकारलेला नाही. माझ्याच पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, कोणी ओला हात ठेवावा तसे गार वाटले. सिदू घाबरत पुढे झाला. बंकटने त्याच्या कमरेला पायांचा वेढा घातला, त्याचा एक हात आपल्या छातीशी ओढला आणि तसाच, आकाशाकडे तोंड करून, शांतपणे हसला. मुंजाजी वस्तादांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच भिंतीवरच्या मुद्गलांकडे नजर वळवली. त्या नजरेत आश्चर्य नव्हते. हे मला त्या वेळी दिसले होते. त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही.

बीड शहरात आमच्या तालमीचे नाव पाठीवर उभे आहे. भगवानरावांची, म्हणजे माझ्या यजमानांची पाठ उभ्या आयुष्यात कोणी मातीला लावली नाही. निजाम सरकारचे पहिलवान हैदराबादेहून आले, इंग्रजी हद्दीतले आले, नगरचे आले. चितपट होऊन गेले. कपिलधारच्या जत्रेत शेवटची कुस्ती जिंकणाऱ्याच्या हाती मानाचा नारळ देतात, तो त्यांच्या हयातीत दुसऱ्या कोणाच्या हाती गेला नाही. त्या नारळाबरोबर एक बंधनही येते. नारळ घेतलेल्या माणसाने पुढच्या जत्रेपर्यंत तालमीची माती सोडायची नाही. रोज पहाटे आखाड्याला पहिला हात त्याचा लागला पाहिजे. परमुलखात जाणे तर दूरच, रात्रीचा मुक्कामही वेशीबाहेर करायचा नाही. भगवानरावांना ते बंधन कधी जाणवले नाही, कारण बाहेर जावे असे त्यांना कधी वाटलेच नाही. त्यांच्या मागे हा मान सिदूने राखला. सिदू आमच्या मेंढक्याचा मुलगा, वस्तादांच्या हाताखाली वाढलेला, बैलासारखा सरळ. तो चांगला लढला, हे मी नाकारत नाही. पण तो नारळ घेऊन माझ्यापुढे वाके तेव्हा प्रत्येक वेळी माझी नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे जाई, आणि पलीकडे कोणी नसे.

बंकट मिसरूड फुटत असताना गेला. मुंबईच्या एका कंपनीने पहिलवान जमवून विलायतेला नेले, त्यांत तो होता. वर्षभरात येतो म्हणाला. मी ओवाळून पाठवले. पुढे लढाई सुरू झाली, कंपनी मोडली, कोणी परतले, कोणी मेले. बंकट जिवंत आहे आणि बोटीवर कोळसा ओढतो आहे, असे कोणी तरी सांगत आले. मग तो कुठल्याशा ब्राझील नावाच्या मुलखात उतरला, असे कानी आले. त्या नावाला माझ्या मनात आकार नव्हता. मी त्याला काशीच्या पलीकडे कुठे तरी ठेवून दिले. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी त्या अंधाऱ्या मुलखात त्याला उभा करीत असे: पाय रोवून, मांडी थोपटत, समोर कोणी काळाकभिन्न परका पहिलवान, आणि बंकटची पाठ उभी, ओल्या मातीचा एक कणही नसलेली. इतकी वर्षे मी ती पाठ राखली. तो मात्र तिथे रोज ती टेकत होता.

दसऱ्याला तो आला. दारात मोटार थांबली, उंबऱ्याशी एक रुंद, सावळा, कान चेपलेला माणूस उभा राहिला आणि "माय" म्हणाला. मी कान पाहिले आणि ओळखले. भगवानरावांचेही तसेच होते. त्याची ट्रंक माडीवर नेली, तिला कुलूप होते. भामाबाईने, आमच्या स्वयंपाकिणीने, कपडे धुवायला मागितले तर तो म्हणाला, वरचे तेवढे ने. मी ऐकले. परदेशात राहून आलेल्या मुलाला थोडी लाज असते, असे मी मनाशी म्हटले. आता त्या दिवसांची एकेक गोष्ट आठवते तेव्हा प्रत्येक वेळी कोणी तरी मला काही सांगत होते आणि मी दुसरेच ऐकत होते असे दिसते.

त्या सकाळी जेवायला बसल्यावर मी त्याला विचारले, "आखाड्यात काय चालले होते?"

"कुस्ती, माय."

"कुस्तीत माणूस पाडतो. तू पडत होतास."

"पडत न्हवतो. त्याला बोलवत होतो." त्याने भाकरी मोडली. "तिकडं एक जपानी हाय. माझ्या छातीइतका. पहिल्या दिशी मी त्याला उचलून असा आपटला की लोक उठून हुबे राहिले. मला वाटलं, झालं, जिंकलो. मी हात वर केला, तर कुणी टाळीच वाजवंना. खाली बघतो तर ते म्हातारं माझी वाट बघत पडलंय. म्हनतंय, ये की."

"मग?"

"मग काय. गेलो. डोळ्यापुढं काजवे आले. जाग आली तवा त्यो माझ्या तोंडावर पाणी मारत व्हता."

भामाबाई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. "आन् कपडे काय घालत्यात वो दादा तिकडं? लंगोट तरी मिळतो का?"

"जाड सुताचा अंगरखा अस्तोय. वर पट्टा."

"अगं बया! अंगरखा घालून कुस्ती! मग धोतर डोक्याला बांधत्यात का?"

तो मोठ्याने हसला. त्या हसण्यात मला त्याचे बालपण ऐकू आले आणि मी क्षणभर सैल झाले. तो सांगत गेला. तिथे एवढी मोठी नदी आहे की पलीकडचा काठ दिसत नाही. तिच्या मुखाशी बंदर. दुपारी रोज पाऊस, भिंतींना शेवाळ. दिवसभर तो धक्क्यावर रबराचे गोळे वाहत असे, रात्री झोळी टांगून निजत असे. कंदाचे पीठ खात असे, त्यावर मिरची मागितली की लोक वेड्यात काढत. आणि संध्याकाळी त्या जपान्याच्या खोलीत चटयांवर. तिथे पाठ लागली म्हणून कोणी हरत नाही. गळा किंवा सांधा सापडला आणि आता सुटका नाही असे ज्याला कळते, तो तळव्याने थाप मारतो, दुसरा सोडतो, दोघे उठून पुन्हा सुरू करतात. बघणाऱ्याला काही कळत नाही, तो म्हणाला, ज्याची थाप त्यालाच ठावं. आणि सुरुवातीला दोघेही एकमेकांपुढे कमरेत वाकतात. "ज्याचा गळा आवळायचा हाय त्याच्यापुढंबी वाकायचं, माय. लई आवडलं मला ते."

"रोज हरत होतास?"

"रोज." हे त्याने अशा आनंदाने सांगितले की मी पान सारले.

त्याच दिवशी दुपारी मी माझा निर्णय सांगितला. सिरसाळ्याच्या तालमीवाल्या अर्जुनरावांनी त्यांचा पहिलवान आश्रुबा या जत्रेत शेवटच्या कुस्तीला उतरवायचे जाहीर केले होते. आमच्याकडून सिदू लढणार, असे सगळे धरून चालले होते. मी म्हणाले, बंकट लढेल. मला काय हवे होते, हे मी कोणापासून लपवले नाही. नारळ हवा होताच. पण नारळाच्या मागून येणारे वर्ष मला त्याहून हवे होते. वर्षभर पहाटे माझ्या मुलाचा हात त्या मातीला लागेल. वर्षभरात पाय जमिनीत मुरतात, लग्न होते, माणूस परमुलखाची भाषा विसरतो. मग पुढची जत्रा येते. मी बंकटला समोर बसवून सांगितले, "कपिलधारला तू लढायचेस. आणि तुझे ते जे काही आहे, ते तिथे करायचे नाही. पाठ टेकायची नाही." बाहेर वस्ताद कोणाला तरी ओरडत होते. मग तो पुढे सरकला, कमरेत पुरा वाकला आणि त्याने माझ्या पायांना हात लावला. आमच्या घरात वाकलेल्या माणसाने होकार दिलेला असतो. भावकीतल्या सुना वाकल्या, कुळे वाकली, भाऊबंद वाकले. तोंडाने हो म्हणायची कोणाला कधी गरज पडली नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो एक शब्द बोलला नव्हता, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

मुंजाजी वस्ताद संध्याकाळी आले. पटका हातात घेऊन ओट्याच्या पायरीशी उभे राहिले. "बाईसाहेब, सिदू वर्षभर तयारी करतोय. बंकटरावांचं मन इथं हाय का न्हाई, एकडाव इचारून घ्या."

"मन विचारायला मी काय सोयरीक जमवते आहे, वस्ताद? मुलाने बापाच्या मातीत लढायचे. सिदू पुढच्या साली."

"जशी मर्जी." पण ते लगेच गेले नाहीत. काही तरी त्यांच्या ओठांशी आले होते. मी मान वळवली आणि ते गेले. सिदूने काही विचारले नाही. तो रोज पहाटे बंकटबरोबर आखाड्यात उतरत राहिला आणि त्याला लढवत राहिला.

त्या रात्रीपासून मला गेवराई दिसू लागली. माझे माहेर गेवराईचे, गोदावरीकाठचे. मी परकरी पोर असताना माझा थोरला भाऊ बद्रीनाथ मला पोहायला नेत असे. पाठीवर तरंगायला शिकवत असे. "अंग सैल सोड, केशर, मागं झोक. माझा हात हाय खाली." पाण्यावर पाठ टाकताना पहिल्यांदा मानेत भीती जमा होते, मग कानांत पाणी शिरते आणि जग दूर जाते, वर नुसते पांढरे आकाश आणि पाठीखाली एक तळवा. मी सैल झाले होते. किती वेळ, आठवत नाही. त्या तळव्यावर माझा सगळा भार होता. मग तो तळवा नव्हता. नाकातोंडात गढूळ पाणी, पायाखाली वाळू निसटती, आणि काठावर बद्रीनाथ आणि त्याचे सोबती खदाखदा हसत. तो पुढे आयुष्यभर सांगे की हात काढला तेव्हा तू तरंगतच होतीस, तुला कळले तेव्हा बुडालीस. असेलही. मी पुन्हा पाण्यात उतरले नाही. भगवानराव गेल्यावर लोक म्हणाले, बाई, आता टेका, भाऊबंदांवर सोपवा. मी टेकले नाही. तालुकदाराच्या कचेरीत पडद्याआडून मी स्वतः बोलले, कुळे राखली, तालीम राखली. पाठीमागे भिंत असली तरी तिला न टेकता बसायची माझ्या अंगाला सवय झाली आहे. भावकीतल्या सुना म्हणतात, कंबर दुखत नाही का? दुखते.

जत्रेच्या दिवशी कपिलधारच्या धबधब्याचा आवाज दूरवरून, बैलांच्या घुंगरांतूनही ऐकू येत होता. माझी दमणी आखाड्याच्या वरच्या अंगाला, उतारावर उभी केली होती. पडद्याच्या फटीतून सगळी माती दिसे. सिरसाळ्याकडच्या बायकांच्या गाड्या समोर होत्या. आश्रुबा उतरला तसा गलका झाला. तो रांजणासारखा होता. बंकट उतरला तेव्हा लोक माना उंचावून पाहू लागले. भगवानरावांची चाल त्याच्या पायांत होती, आणि म्हाताऱ्या माणसांनी ती ओळखली. कोणी तरी ओरडले, "अरे, म्हातारं परत आलं बे!" माझे डोळे भरले नाहीत. पण मी पडदा थोडा अधिक सारला.

आणि तो लढला. माझ्या मुलाबद्दल हे कोणी पुसू शकणार नाही. त्याने उभ्याने आश्रुबाला फिरवला, दोनदा गुडघ्यावर आणला, आणि मग पट काढून आत शिरला तो आश्रुबाला कमरेवर घेऊनच उठला. तो रांजण जमिनीवरून सुटला. पाय हवेत गेले. सगळा उतार उभा राहिला. आता फक्त वळायचे आणि टाकायचे. हा डाव त्याला त्याच्या वडिलांनी शिकवला होता, नऊ वर्षांच्या पोराला गव्हाचे पोते उचलायला लावून. माझ्या तोंडात नारळाच्या पाण्याची चव आली, शपथ घेऊन सांगते. तेवढ्यात बंकटने मान वर केली आणि माझ्या दमणीकडे पाहिले. पडदा होता, मी त्याला दिसत नव्हते. पण त्याने नेमके माझ्याकडेच पाहिले. ती नजर घाबरलेल्याची नव्हती, चुकलेल्याची नव्हती. निरोप घेणारा माणूस गाडी सुटण्यापूर्वी पाहतो तशी ती होती. मग त्याने आश्रुबाला, निजलेले मूल खाली ठेवावे तसे, हळूच पायांवर उभा केला. आणि त्याची मान धरून आपण खाली बसला, आणि मागे झुकला.

त्याचे दोन्ही खांदे मातीला लागले. गर्जना उठली. "लागली! लागली!" पंच धावले. त्या धुरळ्यात, माणसांच्या पायांमधून, मला जे दिसले ते त्या जत्रेत दुसऱ्या कोणालाही दिसले नाही, कारण दुसऱ्या कोणाला त्याने ते सांगितलेच नव्हते. बंकटचा पाय आश्रुबाच्या मानेवरून गेला होता, आणि आश्रुबाचा तळवा मातीवर थाप मारत होता. त्याला तो नियम ठाऊक नव्हता. बुडणारा माणूस पाण्यावर हात मारतो तसा तो मारत होता. बंकटने तत्काळ सोडले. पंचांनी आश्रुबाला ओढून उभा केला, फेटा बांधला, हातात नारळ दिला. तो खोकत होता. डोळे तांबारलेले. तो गर्दीकडे पाहतच नव्हता. खाली बसलेल्या बंकटकडे पाहत होता, आणि मला त्याचे ओठ वाचता आले: काहून सोडलंस बे?

म्हणजे तो जिंकला होता. त्याच्या हिशेबाने, त्या नदीच्या मुखाशी असलेल्या खोलीच्या हिशेबाने. आणि माझ्या हिशेबाने हरला होता, कारण त्याला हरायचे होते. दोन्ही त्याने एकाच डावात साधले. मला त्या विद्येची ओळख त्याने जेवताना, हसत हसत करून दिली होती, ती एवढ्यासाठी की हे पाहताना मी एकटीनेच ते ओळखावे.

परतीच्या वाटेवर तो दमणीच्या चाकाशेजारून चालत होता. वस्ताद आणि सिदू मागे पडले होते. मी पडदा न सारताच म्हणाले, "तुला टाकता आला असता."

"आला अस्ता."

"मग?"

"मग वरीसभर बांधलो गेलो अस्तो." त्याने दमणीची कड धरली. "माय, मी परत चाललो. मी यायच्या आधीच ठरवून आलतो. तुला बघायला आलतो."

"तिथे बायको केली आहेस?"

"न्हाई. केली अस्ती तर तुला समजलं अस्तं."

"मग काय आहे तिथे? हमाली? चिखल?"

"त्यो म्हातारा हाय. अजून रोज मला हरवतो." तो थांबला, दमणीही थांबली. "इथं मला हरवणारं कुणी न्हाई, माय. आश्रुबाला तू बघितलंस. मला अजून शिकायचंय."

"तू माझे पाय धरलेस."

"धरले. लढायच्या आधी वाकत्यात." त्याचा आवाज खाली गेला. "तू इचारलं न्हाईस. तू हुकूम दिलास. मला न्हाई म्हनता आलं न्हाई, म्हनून वाकलो."

मी गाडीवानाला म्हणाले, गाडी हाक. घरी आल्यावर एकेक उलगडत गेले. नगरपर्यंतची मोटार वस्तादांनी आधीच ठरवून ठेवली होती. ट्रंक त्याने रिकामी केलीच नव्हती, हे भामाबाईला ठाऊक होते. तिने वाटेतले लाडू दिवाळीच्या लाडवांबरोबरच वळून बाजूला काढले होते. सिदूला ठाऊक होते. म्हणूनच त्याने हू की चू केले नव्हते. मी एकेकाला समोर बोलावले. वस्ताद म्हणाले, "बाईसाहेब, तुमाला सांगायची छाती कुणाची व्हती?" ज्या घरात माझ्या परवानगीशिवाय पातेले जागचे हलत नाही, त्या घरात सगळे माझ्या मागे बोलत होते, माझ्यापुढे वाकत होते, आणि मी त्या वाकलेल्या डोक्यांवरून हात फिरवीत बसले होते. मुलाने फसवले हे एक. पण त्याला एकट्याला ते कसे जमले असते? सगळ्यांनी मिळून पाठीखाली हात धरला होता, आणि सगळ्यांनी एकाच वेळी काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार आली. बंकट उंबऱ्याशी आला, वाकला. या वेळी मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तो तसाच काही वेळ वाकून राहिला. मग उठला आणि गेला. मोटारीचा आवाज बिंदुसरा नदीच्या पुलापर्यंत ऐकू येतो. मी तो शेवटपर्यंत ऐकला, ताठ बसून.

तिसऱ्या प्रहरी सिरसाळ्याहून गीताबाई आल्या, अर्जुनरावांच्या कारभारीण. जिंकलेल्या घरच्या बाईने हरलेल्या घरी प्रसाद घेऊन जायचे, ही रीत आहे. मी स्वतः कित्येकदा त्यांच्या दारी अशी गेले आहे आणि अगदी गोड बोलून, जेवढे दुखवता येते तेवढे दुखवून आले आहे. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे ठेवला, पदर सावरला.

"लई झुंजला तुमचा बंकट, अक्का. खोटं न्हाई बोलत. पर तिकडल्या अन्नात जोर न्हाई बगा. शेवटाला पोरगं बसलंच खाली. आमचा आश्रुबा म्हनतोय, त्येनंच मला सोडलं. तालमीत सगळे हसाया लागले त्याला. खरंच का हो? तुमी तर समोरच व्हता."

त्या थोड्या पुढे झुकल्या होत्या. त्यांच्या नाकातली मोरणी चमकत होती. एक वाक्य बोलले असते तर त्यांच्या फेट्याची आणि नारळाची माती झाली असती. आश्रुबा स्वतःच साक्षीला उभा होता. माझ्या मुलाच्या अंगात रांजण उचलून पुन्हा अलगद ठेवण्याइतका जोर होता, हे बीड ते सिरसाळा सगळ्या मुलखाला कळले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर आले. आणि त्याच्या मागोमाग दुसरे उभे राहिले: मग त्याने टाकला का नाही, अक्का?

"आश्रुबा भला माणूस आहे," मी म्हणाले. "मन राखायला बोलतो. तुम्ही म्हणता तेच खरे, गीताबाई. माझ्या मुलात जोर उरला नव्हता."

या घरातून असे काही ऐकायला मिळेल अशी तयारी करून त्या आल्या नव्हत्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या हातावर ठेवला. गरम, जाडसर, बांगड्यांनी भरलेला हात. मी तो बाजूला केला नाही.